आईनंतर या लेकरांचे कोण?

व्हिएतनाममध्ये वर्षातला एक दिवस आईचा असतो. त्यांच्या पंचांगातल्या सातव्या महिन्याची पौर्णिमा, म्हणजे साधारण ऑगस्ट-सप्टेंबरचे दिवस. या सणाला तिथे 'वू लान' म्हणतात. तथागतांचे शिष्य महामोग्गलान यांनी आपल्या मृत आईला दुःखातून सोडवण्यासाठी केलेल्या धडपडीची कथा या दिवशी सांगितली जाते. माणसे विहारात जातात. ज्याची आई हयात आहे तो छातीवर लाल गुलाब लावतो, ज्याची आई गेली तो पांढरा. ही गुलाबाची चाल फार जुनी नाही. भिक्खू थिच न्हात हान यांनी 1962 साली आईविषयी एक छोटा लेख लिहिला, त्यातून ती रुजली.

पण भगिनींनो, त्याच देशात अशाही आया आहेत ज्यांच्या लेकराला स्वतःच्या हाताने गुलाब लावता येत नाही. आईचे वय सत्तर, लेकराचे पंचेचाळीस. हातपाय काटकीसारखे, मान सावरत नाही, बोल फुटलेला नाही. सकाळी तोंड धुण्यापासून रात्री कूस बदलण्यापर्यंत सारे आईनेच करायचे. जगातली प्रत्येक आई म्हणते, माझ्या डोळ्यांदेखत माझ्या लेकराला काही होऊ नये. या आयांचे मागणे मात्र उलटे असते. आपल्या आधी लेकरू जावे, असे त्या चोरून म्हणतात. आपण आधी गेलो तर त्याच्या तोंडात घास कोण घालील?

एखाद्या आईवर असे मागणे मागायची पाळी कशी येते? त्याचे उत्तर देवात नाही, दैवात नाही. ते एका युद्धात आहे.

जंगलावर चाल

अमेरिका आणि व्हिएतनाम यांचे युद्ध 30 एप्रिल 1975 रोजी संपले. आपल्याकडच्या जुन्या कार्यकर्त्यांना ते चांगले आठवते. दलित पँथरच्या 1973 च्या जाहीरनाम्यातही व्हिएतनामचे नाव आहे. शेतकऱ्यांच्या पोरांनी एका महासत्तेला परत पाठवले, ही गोष्ट त्या वेळी जगभरच्या दडपलेल्या माणसांना बळ देऊन गेली. मात्र विजयाच्या घोषणा विरल्यावर त्या देशात काय उरले, याची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही.

गनिमी सैनिक दाट जंगलात लपत. तेव्हा अमेरिकन सेनापतींनी ठरवले की जंगलच नाहीसे करायचे. 1961 ते 1971 या काळात दक्षिण व्हिएतनामवर विमानांतून साडेसात कोटी लिटरहून अधिक तणनाशके फवारली गेली. झाडांची पाने झडावीत आणि शेतातले उभे धान्य जळावे, हा हेतू. भातशेती जळाली की गनिमांचे पोट उपाशी राहील, असा हिशेब होता. प्रत्यक्षात उपाशी राहिली ती गावे.

या रसायनांच्या पिंपांवर ओळखीसाठी रंगीत पट्टे असत. ज्याच्यावर नारिंगी पट्टा होता ते 'एजंट ऑरेंज'. फवारलेल्या मालात निम्म्याहून अधिक हेच होते. त्यातला एक घटक घाईघाईने, जास्त उष्णतेवर तयार करताना त्यात डायॉक्सिन नावाचे विष आपोआप तयार होई. अत्यल्प प्रमाणातही ते घातक असते. पुढे 2003 साली अमेरिकन संशोधकांनी लष्कराच्याच नोंदी तपासून दाखवून दिले की ज्या गावांवर थेट फवारणी झाली त्यांतली लोकसंख्या किमान 21 लाख होती आणि ती 48 लाखांपर्यंत असू शकते.

या विध्वंसाला नाव दिले ते एका अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने. आर्थर गॅल्स्टन यांनी विद्यार्थिदशेत सोयाबीनच्या वाढीवर संशोधन केले होते. अशाच प्रकारच्या संशोधनाचा उपयोग पुढे पाने झडवण्यासाठी होतो आहे, हे पाहून ते अस्वस्थ झाले आणि फवारणी थांबवण्यासाठी झटले. 1970 साली त्यांनी 'इकोसाइड' हा शब्द वापरला. नरसंहार तसा हा निसर्गसंहार. ज्ञान असून चालत नाही, ज्ञानाला शील लागते, हे बाबासाहेबांनी आपल्याला किती वेळा सांगितले आहे!

कमळाच्या तळ्यातले विष

पाने झडली, पुन्हा काही ठिकाणी पालवीही आली. विष मात्र गेले नाही. डायॉक्सिन पाण्यात विरघळत नाही, ते गाळाला चिकटते. गाळातून माशात, माशाच्या व बदकाच्या चरबीत, तिथून माणसात. माणसाच्या शरीरातले डायॉक्सिन निम्मे व्हायलाच सात ते अकरा वर्षे लागतात. आणि आईच्या अंगावरच्या दुधातून ते बाळाच्या पोटात जाते. ज्या दुधाला आपण अमृत म्हणतो त्याच वाटेने!

दा नांग शहराच्या विमानतळावर अमेरिकन फौजेचा मोठा तळ होता. पिंपे तिथेच साठवली, तिथेच विमानांत भरली. सांडलेले विष पावसाबरोबर जवळच्या तळ्यात उतरले. या तळ्याचे नाव सेन, म्हणजे कमळ. युद्ध संपल्यावर गरीब माणसे त्या तळ्यात मासे धरीत, कमळे लावीत. त्यांच्या रक्तात डायॉक्सिन भयंकर प्रमाणात सापडले. 2007 साली तिथली मासेमारी आणि कमळाची शेती बंद झाली. 2012 ते 2018 या काळात अमेरिकेच्या पैशाने तिथली सुमारे 90 हजार घनमीटर माती व गाळ काँक्रीटच्या प्रचंड पेटीत भरून 335 अंशांपर्यंत तापवला, तेव्हा कुठे विष मेले. बिएन होआ इथला साठा याहून कितीतरी मोठा आहे. तिथले काम 2019 साली हाती घेतले गेले. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत अडवली तेव्हा तेही काही काळ अडले. उपसलेली विषारी माती उघडी आणि पैसा बंद, अशी गत झाली.

डोंगराळ अ लुओई खोऱ्यात ता ओई, पा को असे आदिवासी समाज राहतात. तिथल्या एका जुन्या लष्करी तळाच्या मातीत विष होते. बोर्ड लावून गुरे आणि पोरे थांबत नाहीत. तेव्हा वनतज्ज्ञ फुंग तूउ बोय यांनी तिथे काटेरी झाडांचे कुंपण लावायचे सुचवले. या झाडाच्या शेंगा व्हिएतनामी बाया केस धुवायला वापरतात, आपल्याकडच्या शिकेकाईसारख्या. म्हणजे काट्यांनी पोरे वाचतील आणि शेंगा विकून बायांच्या हाती चार पैसे येतील. गरिबांसाठी योजना करणाऱ्याने डोके असे चालवावे!

'कुणाचे पाप?'

युद्धानंतर घरोघर मुले जन्मू लागली. कुणाचे ओठ फाटलेले, कुणाचा पाठकणा उघडा, कुणाला हात नाहीत, कुणाला समज नाही. कारण ठाऊक नव्हते. आणि कारण ठाऊक नसले की समाज बोट दाखवतो ते बाईकडे.

व्हिएतनाममध्येही एक जुनी समजूत आहे. वाडवडिलांनी केलेल्या पापपुण्याचे फळ मुलाबाळांना मिळते. त्यामुळे अपंग मूल जन्मले की शेजारी कुजबुजत, या घराण्यात काहीतरी पाप घडले असेल. कुणी म्हणे सुनेचाच पायगुण. घरे मुलांना मागच्या खोलीत लपवू लागली. धडधाकट भावाबहिणींची लग्ने अडू लागली. बाँबने न मेलेल्या बाया या कुजबुजीने रोज थोड्या थोड्या मेल्या.

वाचकहो, ही भाषा आपल्या ओळखीची नाही काय? 'मागच्या जन्मीचे भोग' हे शब्द आपल्या आजीपणजीला किती पिढ्या ऐकवले गेले! 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी या समजुतीच्या मुळावरच घाव घातला आहे. गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत बुद्धाच्या कर्मसिद्धांतात बसत नाही, आणि गरिबांच्या व दीनांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी एवढाच त्याचा उपयोग दिसतो, असा त्यांचा रोख आहे. व्हिएतनामच्या आईला हे वाक्य जसेच्या तसे लागू पडते. मूल अपंग जन्मले ते तिच्या पापाने, असे एकदा मानले की विष बनवणारी कंपनी सुटली, फवारणारे सरकार सुटले. उरली एकटी आई.

म्हणून कारण शोधणे हे काही नुसते शास्त्रज्ञांचे काम नाही. जिचे दुःख आहे तिच्या डोक्यावरचे खोटे ओझे त्याने उतरते. दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे, हे तथागतांनी एका दमात सांगितले ते उगीच नव्हे. 'हे तुझ्या कर्माने झालेले नाही, हे त्या पिंपातल्या विषाने झाले असावे', असे डॉक्टरने सांगितल्यावर कितीतरी बायांनी मागच्या खोलीचे दार उघडले.

तरी नव्या नावाने नवा जाच आणला, हेही सांगितले पाहिजे. 'नारिंगी विषाचे बळी' ही ओळख मिळाली, तिने मदत मिळाली, मान मिळाला; पण स्थळ येईनासे झाले. मुलीच्या बापाने युद्धात जंगल तुडवले असेल तर तिच्या पोटी काय जन्मेल, ही भीती. ओळख कधी ढाल होते, कधी डाग. हा अनुभवही आपल्याला नवा नाही.

बळी कोणाला म्हणायचे?

विष वर्दी पाहत नाही. अमेरिकेचे नौदल अधिकारी एल्मो झुमवॉल्ट यांनी व्हिएतनाममध्ये नदीकाठची झाडी फवारणीने साफ करवली. त्याच नद्यांवर त्यांचा मुलगा बोटीवर होता. मुलाला पुढे कर्करोग झाला आणि तो 1988 साली गेला. नातू शिकण्यात अडखळणारा जन्मला. बापाच्या हुकमाचे फळ मुलाला आणि नातवाला भोगावे लागले, असे त्या दोघा बापलेकांचेच मत होते.

पण विष वर्दी पाहत नसले तरी न्यायालये पाहतात. अमेरिकन सैनिकांनी रसायन कंपन्यांवर दावा लावला, तेव्हा 1984 साली 18 कोटी डॉलरवर तडजोड झाली. 1991 च्या कायद्याने सैनिकांच्या आजारांना भरपाई मिळू लागली. 1996 च्या कायद्याने, पाठकणा उघडा घेऊन जन्मलेल्या त्यांच्या मुलांनाही. व्हिएतनामी पीडितांच्या संघटनेने 2004 साली अमेरिकेत दावा लावला. तो 2005 साली फेटाळला गेला. 2009 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऐकून घेण्यासही नकार दिला.

ट्रान तो न्गा या युद्धकाळातल्या वार्ताहर. 1966 साली त्यांच्या अंगावर फवारणी झाली होती. त्यांची पहिली लेक हृदयाचा दोष घेऊन जन्मली आणि सतरा महिन्यांत गेली. त्या मरणाचे कारण त्यांना कित्येक वर्षे कळले नव्हते. 2014 साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी फ्रान्समध्ये कंपन्यांना कोर्टात खेचले. 2021 साली आणि पुन्हा अपिलात 2024 साली निकाल विरुद्ध गेला. कंपन्यांनी सरकारच्या हुकमाने माल पुरवला, म्हणून त्यांच्यावर खटला चालत नाही, असे कोर्टाचे म्हणणे पडले. ही बाई खचली नाही. आपण सगळ्यांसाठी लढतो आहोत, असे ती सांगत राहिली.

एकेका मुलाबाबत 'हे डायॉक्सिननेच झाले' असे सिद्ध करणे फार अवघड असते, हे खरे आहे. विषाची तपासणी महाग, युद्ध होऊन पन्नास वर्षे लोटलेली. पण अमेरिकन सैनिकाला शंकेचा फायदा द्यायचा आणि फवारलेल्या गावातल्या आईकडे पुरावा मागायचा, याला न्याय म्हणत नाहीत.

दोष आपल्या मित्राचा असला तरी झाकू नये. व्हिएतनाम सरकार 2000 सालापासून पीडितांना मासिक भत्ता देते, पण तो क्रांतीच्या बाजूने लढलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना. हरलेल्या दक्षिणी फौजेतल्या सैनिकाचे लेकरू त्या यादीत बसत नाही. त्याच जंगलात, त्याच विषाखाली तोही होता. लेकराची बाजू कोणती असते?

व्हिएत आणि डुक

1981 साली दोन जुळे भाऊ कमरेपासून खाली एकमेकांना जोडलेले जन्मले. त्यांचा सांभाळ पुढे हो ची मिन्ह शहरातल्या तू झू रुग्णालयात झाला. व्हिएत आणि डुक अशी त्यांची नावे. व्हिएतला मेंदूचा आजार झाला आणि डुकचाही जीव धोक्यात आला. 1988 साली जपानच्या मदतीने त्यांना वेगळे करण्यात आले. व्हिएत अंथरुणाला खिळून राहिला आणि 2007 साली गेला. डुक एका पायावर, कुबडीच्या आधाराने उभा राहिला. त्याच रुग्णालयात नोकरी केली, 2006 साली लग्न केले, 2009 साली त्याला धडधाकट जुळी झाली. मदत करणाऱ्या जपानची आठवण म्हणून मुलाचे नाव फुजी पर्वतावरून आणि मुलीचे नाव तिथल्या चेरीच्या फुलावरून ठेवले.

एक भाऊ शेवटपर्यंत दुसऱ्याच्या हातून जेवला, दुसरा बाप झाला. दोघांच्याही जगण्याला परिचारिकांच्या, डॉक्टरांच्या, दूरच्या माणसांच्या हातांचा आधार होता. एकट्या आईवर हे ओझे टाकले असते तर दोघेही वाचले नसते. मूल वाचते ते हात वाढल्याने.

पुन्हा पुन्हा बांधणे

युद्ध चालू असतानाच थिच न्हात हान यांनी तरुणांची समाजसेवा शाळा काढली होती. भिक्खू, भिक्खुणी, विद्यार्थी खेड्यात जाऊन शाळा आणि दवाखाने उभारत. त्रा लॉक नावाचे गाव बाँबनी उद्ध्वस्त झाले. त्यांनी ते बांधले. पुन्हा बाँब पडले, पुन्हा बांधले. असे वारंवार. लोक विचारीत, कशाला? पण न बांधणे म्हणजे निराशेला शरण जाणे होते. ध्यान डोळे मिटून करतात, करुणा मात्र डोळे उघडून करावी लागते.

जॉर्ज मिझो हा अमेरिकन सैनिक. युद्धाने शरीर आणि मन दोन्ही मोडून परतला. पुढे तो व्हिएतनामला गेला आणि ज्यांच्याशी लढला त्यांच्याच एका सेनापतीशी त्याची मैत्री झाली. त्यांच्या प्रयत्नांतून, अनेक देशांतल्या माजी सैनिकांच्या मदतीने, हानोईजवळ 1998 साली 'मैत्री ग्राम' सुरू झाले. तिथे अपंग मुले शिवणकाम, भरतकाम शिकतात, आजारी म्हातारे सैनिक उपचार घेतात. मिझो 2002 साली गेला, गाव राहिले. मैत्री हा शब्द आपण वंदनेत म्हणतो, त्यांनी तो विटांनी बांधला.

आणि जंगल? हो ची मिन्ह शहराजवळचे कान जो इथले खारफुटीचे रान फवारणीने जवळजवळ उजाड झाले होते. 1978 पासून लोकांनी चिखलात उतरून दूरवरून आणलेले बी हाताने लावले. 2000 साली युनेस्कोने त्या रानाला राखीव जीवावरणाचा मान दिला. वाकून लावलेल्या एकेका रोपातून ते रान परत आले.

आपल्या दारात

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. एजंट ऑरेंज बनवणाऱ्या कंपन्यांत डाऊ ही एक मोठी कंपनी होती. 2001 साली तिनेच युनियन कार्बाइड विकत घेतली. होय, 1984 च्या डिसेंबरात भोपाळमध्ये विषारी वायू सोडणारी तीच युनियन कार्बाइड. तिथेही वायूने न मेलेल्या घरांत पुढे अपंग मुले जन्मली. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोन वायुपीडित कामगार बायांनी 2004 साली मिळालेल्या गोल्डमन पुरस्काराच्या पैशातून अशा मुलांसाठी 'चिंगारी' हे केंद्र उभे केले. एक मुसलमान, एक हिंदू. दुःख एक आणि काम एक.

आपल्या वस्तीतही अंथरुणाला खिळलेले लेकरू असलेली एखादी माउली असतेच. कारण युद्धाचे नसेल, जन्मावेळच्या हयगयीचे असेल, तापाचे असेल. पण रात्री तिला पडणारा प्रश्न तोच, माझ्यानंतर कोण? तिला हे जरूर सांगा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याचा कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकारी ज्या स्थानिक स्तर समितीचे प्रमुख असतात तिच्याकडे अर्ज करायचा. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे. दिव्यांग ओळखपत्र काढले नसेल तर आधी ते काढा. आई हिंडती-फिरती आहे तोवरच ही कामे उरकायची, कारण नंतर कागद कोण शोधणार?

आणि कागदाइतकेच महत्त्वाचे, तिच्या दारात जा. महिला मंडळाने आठवड्यातून दोन तास वाटून घेतले तर ती माउली विहारात येईल, दवाखान्यात जाईल, नुसती झोपेल तरी. पण जाताना 'कुणाचे पाप' हा शब्द उंबऱ्याबाहेर ठेवून जा. विचारायचेच तर विचारा, कारण काय, जबाबदार कोण, आणि आज माझ्या हातून काय होईल?

पुढच्या वू लानला व्हिएतनाममध्ये कुणीतरी लाल गुलाब घेऊन अशा एका घरात शिरेल. लेकराच्या सदऱ्याला तो लावील, कारण आई अजून आहे. तो पांढरा करायची वेळ येईल त्या दिवशी लावणारे हात तयार असावेत, एवढेच त्या आईचे मागणे आहे. आपल्या वस्तीतल्या आईचेही तेच आहे.